गोव्यात एकटीनं जेवताना

बँकेच्या अंतर्गत ऑडिटचं काम म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस परक्या गावात. दिवसभर शाखेत माणसांचा गराडा असतो आणि संध्याकाळी शटर खाली ओढलं गेलं की प्रत्येकजण आपल्या घरी जातो. मी लॉजवर. सोलापूर, बेळगाव, रत्नागिरी, जिथं जाईन तिथं माझं रात्रीचं जेवण कित्येक वर्षं खोलीतच व्हायचं. चहा, बिस्किटं, घरून आणलेला चिवडा, फार तर खालून मागवलेली डाळखिचडी. पैशांची अडचण नव्हती, भत्ता मिळत होता. अडचण होती ती ‘एकटीसाठी कशाला’ या वाक्याची. हे वाक्य मी आजीकडून ऐकलं, आईकडून ऐकलं. बाबा गावाला गेले की आई चपात्या लाटायची नाही. कालचा भात फोडणीला टाकायची आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या खाऊन घ्यायची. चार माणसं असली की ताट-वाटी, लिंबाची फोड, कोशिंबीर. एकटी असली की पातेल्यातलंच. आईला त्यात काही कमी वाटत नसे, पण मला आता वाटतं, आणि मनापासून वाटतं, की बाईनं स्वतःसाठी वाढलेलं ताट हे कोणासाठीही वाढलेल्या ताटाइतकंच नीट असलं पाहिजे.

हे मला जमायला लागलं ते गोव्यात. उत्तर गोव्यातल्या काही शाखा आणि मडगावची एक शाखा माझ्याकडे आल्यावर पणजीत मुक्काम वाढत गेले.

पहिली गोष्ट पाट्यांची. आम्ही सांगली-कोल्हापूरकडची माणसं पाटी वाचून आत जायचं की नाही ते ठरवतो. ‘परमिट रूम’ लिहिलेलं असेल तर बाई त्या दाराकडे बघतही नाही. ‘फॅमिली रूम’ असेल तर तिथं जायचं, पण एकटी गेलं की वेटर पडद्यामागच्या एखाद्या खणात नेऊन बसवतो आणि आपण भिंतीकडे तोंड करून जेवतो. गोव्यात जिकडेतिकडे ‘बार अँड रेस्टॉरंट’. सुरुवातीला मी त्या पाट्या चुकवत फिरले, आणि त्या चुकवल्या तर पणजीत जेवायला जागाच कमी उरते. मग नीट बघितलं. आत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले, एका टेबलावर शाळेच्या गणवेशातल्या मुली, कोपऱ्यात एक गृहस्थ बिअरचा ग्लास आणि मासळीचं ताट समोर घेऊन पेपर वाचताहेत. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून ती वेगळी खोली, तिचं ते नाव आणि तिच्याभोवतीची कुजबुज. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तो कायदा इथं आलाच नाही. १९६४ साली इथला अबकारी कायदा स्वतंत्र झाला. त्यामुळे इथं पिणारा आणि जेवणारा एकाच खोलीत बसतात. पिण्यासाठी अंधारी खोली नाही, म्हणून बाईसाठी पडद्याची खोलीही नाही. मला हे समजायला वेळ लागला, पण समजल्यावर शहरच्या शहर मोकळं झालं.

सुरुवात मी सकाळपासून केली. नाश्त्याला एकटं माणूस कुठंच खटकत नाही आणि पणजीतल्या कॅफेंमध्ये तर मुळीच नाही. कॅफे भोसले, कॅफे टाटो ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही एकत्र हवी असेल तर मिक्स, सोबत पाव किंवा पुरी, गोडसर बन, मिरचीचं भजं. गर्दीत आपण जिथं जागा मिळेल तिथं बसतो, समोर कोणी अनोळखी माणूस असतो, तो मान हलवतो आणि आपलं खाऊ लागतो. आणि पेपर! महाराष्ट्राबाहेर येऊनही कॅफेत मराठी पेपर असतो. नवप्रभा, गोमन्तक, तरुण भारत. एकदा समोरच्या गृहस्थांनी स्वतःचा पेपर वाचता वाचता मधलं पान सुटं करून माझ्यापुढे सरकवलं, काही न बोलता. मी फोन पर्समध्ये टाकला तो त्या सकाळी. एकटं बसल्यावर हातांचं काय करायचं हा प्रश्न मला फार छळायचा. पेपरनं तो सोडवला.

दुपार जरा अवघड. ऑडिटमध्ये शाखेतले लोक ‘मॅडम, डबा मागवू का’ असं विचारतात, पण ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांचा डबा खायचा नाही असा माझा नेम आहे. म्हणून जेवायला बाहेर. सगळे सल्ले देतात की एकट्यानं गर्दीची वेळ टाळावी, साडेबाराला जावं किंवा अडीचनंतर. माझा अनुभव अगदी उलटा आहे. अडीचनंतर गेलं तर मासा संपलेला असतो, आणि तीनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात. मग संध्याकाळपर्यंत गोवा झोपतो. साडेबाराला गेलं तर रिकाम्या हॉलमध्ये चौघांच्या टेबलावर आपण एकटे, आणि सगळे वेटर आपल्याकडे बघत उभे. ऐन गर्दीत, सव्वाच्या आसपास गेलं की गंमत होते. जिन्यावर चौघांचे, सहांचे गट ताटकळत असतात आणि आतून माणूस येऊन विचारतो, ‘एकटं कोणी आहे?’ कारण कुठल्या तरी टेबलावर एक खुर्ची रिकामी झालेली असते. एकटी बाई सगळ्यांच्या आधी आत जाते. १८ जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकला मी असा पुष्कळदा पुढचा नंबर मिळवला आहे. (मडगावात १८ जून १९४६ ला लोहियांची सभा झाली, त्या तारखेचं नाव या रस्त्याला आहे. जिन्यावर उभं असताना शेजारच्या काकांनी सांगितलं.)

एक गोष्ट मला तिथं कळली, ती मी पुढे प्रत्येक गावात वापरली. मेनूकार्डावरचं बहुतेक सगळं दोघा-तिघांसाठी असतं. थाळी ही एकाच माणसासाठी जमवलेली गोष्ट आहे. भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेला मासा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, एखादी भाजी, लोणचं, सोलकढी. आठ चवी, सगळ्या एका माणसापुरत्या. चौघांत बसून आपण इतक्या चवी घेतो तेव्हा निम्मं लक्ष इतरांच्या ताटात असतं. एकटीनं बसलं की पहिला घास हुमणाचा, मग किसमुराची चिमूट, मग परत हुमण, असा आपला आपण क्रम लावता येतो. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतात. ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. पण एखादं दातांखाली आलं की जीभ झिणझिणते आणि पुढचे दोन घास वेगळेच लागतात.

आणि काटे. आम्ही मटणाच्या मुलुखातले. नदीचा मरळ कधीमधी घरी यायचा, तो आजी निवडून द्यायची. अख्खा तळलेला बांगडा समोर आला की मी वरवर टोकरत बसायची. एका दुपारी माझ्यासमोर एक वयस्कर बाई येऊन बसल्या. सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी फाईल. डिचोलीहून पेन्शनच्या कामाला आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी माझ्या ताटाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग राहवलं नाही.

‘अगो बाय, तसं नको. तो बिचारा तळलाय कशाला मग?’

मी म्हटलं, ‘मावशी, काट्यांची भीती वाटते.’

‘थांब.’ त्यांनी स्वतःच्या ताटातला बांगडा माझ्या बाजूला वळवला. अंगठा आणि तर्जनीनं माशाच्या मधोमध, डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते ती दाबली. वरचा मांसल भाग पाठीकडे सरकवला, खालचा पोटाकडे. दोन्ही बाजूला सोललेल्या फणसाच्या गऱ्यांसारखे मोकळे झाले. मधे काटा उघडा पडला. मग शेपूट धरून तो वर उचलला, तर डोक्यासकट अख्खा निघून आला आणि खालचा अर्धा बांगडा जसाच्या तसा ताटात राहिला. ‘पोटाकडे बारीक काटे असतात, तिथं फक्त सावकाश. आणि खाताना बोलायचं नाही. नुस्तं खाताना बोलतो त्याच्या घशात काटा जातो.’ नुस्तं म्हणजे मासा. एवढं सांगून त्या खरोखरच गप्प झाल्या आणि आम्ही दोघी न बोलता जेवलो.

मी पुन्हा पुन्हा याचा विचार केला आहे. काट्याचा मासा हे एकट्यानं खायचं अन्न आहे. त्याला बोटांचं लक्ष लागतं, जिभेचं लक्ष लागतं. गप्पांच्या टेबलावर लोक इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी मागवतात, ती त्याच कारणानं. एक मधला काटा, बाजूला केला की झालं. बांगडा, तारले, शेवटा यांना सवड हवी, आणि एकट्या माणसाकडे ती असते. जेवण झाल्यावर मी मावशींना विचारलं, ‘तुम्ही नेहमी एकट्या येता?’ त्यांना प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं. ‘पणजीत काम असलं की जेवायला येते. नोकरीत होते तेव्हापासून. मग उपाशी जायचं घरी?’

हात धुवायला जाताना बॅगेचं काय, ही एकट्या माणसाची खरी पंचाईत. माझ्या बॅगेत लॅपटॉप आणि शाखेचे कागद असतात, ते टेबलावर सोडून जाता येत नाही, आणि बॅग घेऊन उठलं तर पोऱ्या टेबल पुसून दुसऱ्याला बसवतो. मी आता समोरच्या माणसाला सरळ सांगते, ‘जरा बघाल का?’ आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. आणि सोलकढी शेवटी पिते. भरलेली वाटी असली की कोणी ताट उचलत नाही.

मासळीच्या भावाचंही आधी विचारून घ्यावं. थाळीतला साधा मासा ठरलेला असतो, पण इसवण, पापलेट, चोणक वेगळं मागितलं की त्या दिवसाचा भाव लागतो. विचारण्यात संकोच कसला? गोव्यातली माणसं स्वतः विचारतात, मासा दाखवा म्हणतात, डोळे बघतात. सोमवारी जरा निवांत असतं, कारण अनेक हिंदू घरांत सोमवारी नुस्तं करत नाहीत आणि बाहेरही खात नाहीत. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. त्या दिवसांत ताटात खाडीची मासळी, तिसऱ्या आणि सुक्या मासळीचे प्रकार जास्त. मला पावसाळ्यातली थाळी तितकीच आवडते. ओल्या हवेत किसमुराचा वास दारापर्यंत येतो, आणि पर्यटक कमी असल्यानं वेटरला बोलायला वेळ असतो.

आता रात्रीचं. दुपार जमली म्हणजे रात्र जमली असं नाही. रात्री थाळी बहुतेक ठिकाणी नसते, टेबलं जोड्यांनी आणि कुटुंबांनी भरतात, आणि परत जायचा रस्ता डोक्यात असतो. मी मधल्या वाटेनं गेले. संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट. कांदा घातलेलं ऑम्लेट, त्यावर कोंबडीच्या शागुतीचा गरम रस, वर चिरलेला कांदा, लिंबू, आणि पाव. म्हापशाला, मडगावला, पणजीत, सगळीकडे अंधार पडायच्या सुमारास हे गाडे लागतात. स्टुलावर बसायचं किंवा उभं राहायचं. ऑफिसातून घरी जाणारे, क्लास सुटलेली मुलं, रिक्षावाले, सगळे एकेकटे खातात. तिथं एकटेपणाला नावच नाही. पण उभ्याउभ्या खाणं हे आईचंच खाणं होतं, नुसती जागा बदललेली. मला बसून जेवायचं होतं.

किनाऱ्याकडच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेले तेव्हा दारातल्या तरुणानं माझ्या मागं बघितलं, ‘किती जण?’ एक म्हटल्यावर त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल दाखवलं. निम्मा हॉल रिकामा होता. मी खिडकीजवळची जागा मागितली, तो म्हणाला, ती चौघांची आहे. दोघांची? ती कपलसाठी. मी तिथं जेवले नाही. मला त्याचा राग आला, आणि तो राग योग्यच होता असं आजही वाटतं. ताटातलं अन्न विकत घेणाऱ्या माणसाला सोबत कोण आहे यावर जागा मिळावी, हे मला मान्य नाही. एकट्या गिऱ्हाईकाला कोपरा दाखवणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की तो पुन्हा आला तरी एकटाच येणार आहे, आणि जागा बरी मिळाली तर नक्की येणार आहे.

त्यानंतर मी एक वाक्य तयार ठेवलं आणि ते दारातच म्हणते: ‘मी एकटी आहे, पूर्ण जेवणार आहे, ती जागा चालेल मला.’ हसून, पण विचारण्याच्या सुरात नाही. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या एका घरातल्या रेस्टॉरंटमध्ये हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं. लाकडी जिना, ठेंगणं छत, रस्त्याकडेच्या खिडकीशी दोघांपुरतं टेबल. वेटर वयानं मोठा होता. त्यानं समोरच्या खुर्चीपुढची काटे-चमचे-प्लेट उचलली नाही, तशीच राहू दिली. मी ती उचलायला सांगितली. मला समोर रिकामी मांडणी नको होती. कोणी यायचं राहिलेलं नव्हतं.

मेनू वाचून मी म्हटलं, ‘चिकन काफ्रियल सगळं मला संपणार नाही.’

‘हाफ करतो मॅडम. कार्डावर लिहिलेलं नसतं, पण सांगितलं की करतात. आणि बांगडा एक नग देतो, रेशाद मसाला भरून. सोबत भात नको, पोई घ्या. आताच आली आहे.’

हे त्यानं शिकवलेलं मी आता सगळीकडे वापरते. हाफ विचारायचं, मासा नगावर मागायचा, आणि भाताऐवजी पोई. पोई म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, गव्हाचा पाव. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ विकतो तो. एक पोई फोडून तिच्यात काफ्रियलचा हिरवा मसाला पुसून घेतला की एका माणसाचं पोट नीट भरतं. शेवटी बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाचा एक काप. थर एकेक सुटा करत खाल्ला, कारण घाई कुणालाच नव्हती. बिल आलं, दिलं. घरी फोन केला तेव्हा मुलीनं विचारलं, ‘कुणाबरोबर गेली होतीस?’ मी म्हटलं, ‘जेवायला गेले होते.’ तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला: ‘काय काय घेतलंस?’ आणि मी तिला सगळं ताट सांगितलं.

रात्रीसाठी एवढीच काळजी मी घेते: लॉजपासून चालत जाता येईल असंच ठिकाण, साडेसातला जायचं, नऊच्या आत निघायचं. म्हापशाच्या शाखेचं काम असलं तरी मुक्काम पणजीलाच करते. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटल सोयीची आहे आणि रात्री मला माझे रस्ते ओळखीचे असतात. शेजारच्या टेबलावर हसणं मोठं व्हायला लागलं म्हणून मला कधी उठावं लागलेलं नाही, पण लागलं तर उठेन, आणि त्यात जेवण अर्धं राहिल्याचं वाईट वाटेल एवढंच.

आईला मी यातलं बरंचसं सांगितलं. बांगड्याचं सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, ‘शेपटीकडून उचलायचा ना?’ गेल्या दिवाळीत बाबा काकांकडे गेले होते तेव्हा तिनं फोनवर सांगितलं की दुपारी दोन चपात्या केल्या आणि वांग्याची भाजी. मी काही बोलले नाही, पण फार बरं वाटलं.

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, अजून राहिल्या आहेत. त्या दोन्ही हातांनी खायच्या, नांगी फोडायची, कोपरापर्यंत रस्सा, आणि तास तरी काढायचा. त्या वेटरनं सांगून ठेवलं आहे की आदल्या दिवशी कळवलं तर एका माणसापुरत्या दोन भरलेल्या कुर्ल्या तो बाजूला काढून ठेवील. मडगावचं ऑडिट ऑगस्टमध्ये लागलं आहे.